मुनशी घाटावरील एक रात्र

गेल्या माघांत काशीस एक रात्र मी राजवाड्यांत निजलों. हें वाक्य उच्चारतांना माझें मलाच हसूं येतें. ज्यानें जन्मभर वर्धा जिल्ह्यांतील एका प्राथमिक शाळेंत मुलांना इतिहास-भूगोल शिकविला आणि ज्याची स्वतःची मजल जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपलीकडे गेली नाहीं, त्याला राजवाड्यांत कोण निजूं देतो? परंतु हल्लीं राजवाड्यांत निजण्यास राजाची मर्जी लागत नाहीं. खोलीचें भाडें भरलें म्हणजे झालें. तें आमच्या चिरंजीवांनीं भरलें. किती भरलें हें त्यांनीं सांगितलें नाहीं. मींच पुढें तें शोधून काढलें, आणि शोधलें नसतें तर बरें झालें असतें असें वाटलें.

चिरंजीवांनीं हाच वाडा निवडला त्यास कारण होतें. आमच्या घरीं पत्र्याच्या एका डब्यांत बावीस जुनीं कार्डें आहेत. तीं माझ्या वडिलांच्या आत्याचीं. घरांत त्यांना सगळे 'काशीच्या आत्याबाई' म्हणत. मीं त्यांना पाहिलें नाहीं. माझ्या जन्मापूर्वींच त्या वारल्या. तेराव्या वर्षीं त्यांचें कुंकू पुसलें गेलें, पुढें अठरा वर्षें त्या भावाच्या संसारांत राबल्या, आणि एकतिसाव्या वर्षीं त्यांना काशीवासास पाठविण्यांत आलें. त्यांना लिहितां येत नसे. कार्डें कोणाकडून तरी लिहवून घेतलेलीं आहेत. पैकीं एका कार्डांत, पायांच्या दुखण्याची आणि एका जुनेराच्या मागणीची हकीकत झाल्यावर, असें वाक्य आहे: 'दोन प्रहरीं मुनशी घाटावर वाड्याच्या सावलींत बसून जप करतें, तेथें कोणी उठवीत नाहीं.' तो वाडा म्हणजेच हा वाडा. आत्याबाई ज्या भिंतीच्या बाहेर बसत त्या भिंतीच्या आंत मीं एक रात्र काढावी, असें मुलाच्या मनांत आलें. त्यानें तें प्रेमानें केलें. मला मात्र तें ऐकून आनंद झाला कीं संकोच झाला हें आजही नीट सांगतां येणार नाहीं.

त्या वाड्यांत जाण्याची सोयीची वाट पाण्यावरून आहे. मागच्या बाजूस गल्ल्या आहेत, परंतु त्या अशा अरुंद कीं समोरून बैल आला तर माणसानें भिंतीस पाठ लावून उभें राहावें. आम्ही उभयतां अस्सीच्या बाजूस नावेंत बसलों. पूर्वेकडे धांवणारी गंगा काशीपाशीं वळून उत्तरवाहिनी होते, हें भूगोलाच्या तासाला मीं शेंकडों वेळां सांगितलें होतें. त्या वळणाचा अर्थ मात्र नावेंत बसल्यावर कळला. सारें शहर डाव्या हाताच्या, म्हणजे पश्चिमेच्या, उंच कांठावर दाटीनें उभें आहे. उजवीकडे वाळूचें मैदान, दृष्टि जाईल तेथवर मोकळें. सूर्य त्या वाळूमागून उगवतो आणि त्याचा पहिला प्रकाश आडपडद्यावांचून घाटांवर येतो.

नावाडी एकेका घाटाचें नांव सांगत होता. मी मात्र मनांतल्या मनांत निराळीच यादी करीत होतों. भदैनीची वस्ती मागें पडली, तेथें मोरोपंत तांब्यांच्या घरीं झांशीची राणी जन्मली. मोरोपंत हे दुसऱ्या बाजीरावांचे बंधु चिमाजी आप्पा यांच्या पदरीं होते, आणि पेशवाई बुडाल्यावर चिमाजी आप्पा काशीस येऊन राहिले होते. पुढें चेतसिंगाचा किल्ला. १७८१ सालीं वॉरन हेस्टिंग्जनें त्याला येथें कैद केलें, आणि चेतसिंग वरच्या खिडकीवाटे नदीवर उतरून निसटला. शेवटीं त्याला आसरा मिळाला तो शिंद्यांच्या ग्वाल्हेरीस. मग केदार घाट. त्याच्या थोडें पुढें राजा घाट, तो अमृतराव पेशव्यांचा. राघोबादादांचे हे दत्तक पुत्र १८०३ सालीं इंग्रजांकडून सात लाखांची नेमणूक घेऊन राजकारणांतून बाजूस झाले आणि त्यांनीं आपला पैसा कर्वीस व काशीस देवळें, घाट व अन्नदान यांवर खर्चिला. यांतील एकही घाट नावाड्यानें 'मराठ्यांचा' म्हणून सांगितला नाहीं, आणि त्यानें तें सांगावें अशी अपेक्षाही नव्हती.

इतक्यांत एका उंच, पिवळसर दगडाच्या इमारतीपाशीं नाव लागली. ती खालून पाहतांना टोपी सांवरावी लागते. खालचा अर्धा भाग जवळजवळ आंधळाच. सज्जे, खांब, नक्षी जें काय आहे तें वर. "दरभंगा महाराज का महल," नावाडी म्हणाला. मीं विचारलें, "मुंशी घाट कहते हैं न? ये मुंशी कौन थे?" तो वल्हें आंत ओढीत म्हणाला, "होंगे कोई मुंशी जी, बाबू. कचहरी में लिखते होंगे."

त्या नावाड्याचें उत्तर चुकलेलें होतें असें म्हणवत नाहीं. लिहिणें हाच त्या मनुष्याचा व्यवसाय होता. हा घाट व त्यावरचा वाडा १८१२ च्या सुमारास बांधविला तो नागपूरकर भोसल्यांचे कारभारी श्रीधर मुनशी यांनीं. मुनशी म्हणजे फारसी लिहिणारा चिटणीस. मराठी राज्यांचा घरगुती कारभार मोडींत चाले, परंतु दिल्ली, लखनौ, हैदराबाद, आणि पुढें कलकत्त्यास बसलेली कंपनी, यांच्याशीं लिहिणें होई तें फारसींत. साहजिकच राज्याचीं परराष्ट्राचीं गुपितें मुनशाच्या लेखणीखालून जात. ज्याला गुपितें ठाऊक त्याला सल्ला विचारावा लागतो, आणि सल्ला देतां देतां चिटणीसाचा कारभारी होतो. दुसऱ्या रघुजी भोसल्यांच्या दरबारीं श्रीधरपंतांचें वजन याच रीतीनें वाढलें असावें.

तो काळ कसा होता पाहा. १७९९ सालीं कंपनीनें नागपुरास वकील म्हणून हेन्री टॉमस कोलब्रुक यांस पाठविलें. हे तेच गृहस्थ, ज्यांनीं पुढें १८०५ सालीं वेदांवर निबंध लिहून यूरोपीय पंडितांस वैदिक वाङ्मयाची पहिली भरीव ओळख करून दिली. त्यांना दोन वर्षांत नागपूरकरांस कंपनीच्या दावणीस बांधतां आलें नाहीं. १८०१ सालीं ते हात हालवीत परत गेले. परंतु १८०३ मध्यें रघुजी शिंद्यांच्या बरोबर युद्धांत उतरले, असईस हार झाली, अडगांवास हार झाली, आणि डिसेंबरांत देवगांवचा तह करून कटक, बालेश्वर आणि वर्धेच्या पश्चिमेचें वऱ्हाड गमवावें लागलें. राज्याचें उत्पन्न घटलें, दरबाराचा थाट तेवढाच राहिला. तूट भरून काढली ती उरलेल्या मुलखांतून. नवे कर बसले, फौजेचे पगार तुंबले, स्वतः राजा सावकारी व दुकानदारी करूं लागला, आणि लोक रघुजींना पाठीमागें 'बडा बनिया' म्हणूं लागले. त्यांतच पेंढाऱ्यांच्या धाडी थेट नागपूरच्या वेशीपर्यंत येऊं लागल्या.

आमचें गांव वर्धा नदीच्या पूर्व तीरावर आहे, म्हणजे १८०३ नंतरही भोसल्यांच्याच अमलाखालीं राहिलेल्या मुलखांत. त्या वर्षांत आमच्या पंचक्रोशींतील कुणब्यानें काय भरलें आणि काय खाल्लें याचा मीं या वाड्याच्या सज्ज्यांत बसून विचार केला. श्रीधरपंतांनीं वाड्याचा पैसा कोणत्या खात्यांतून काढला हा हिशेब मी मांडीत नाहीं. परंतु त्या काळीं कारभाऱ्याची मिळकत ही शेवटीं रयतेच्याच घरांतून येत असे, याविषयीं वाद होण्याचें कारण नाहीं. दगड चुनारचा, कारागीर इकडचे आणि पैसा आमच्या काळ्या जमिनीचा, असा तो वाडा. यांत मी श्रीधरपंतांना एकट्यांना दोष देत नाहीं. त्या पिढींतील प्रत्येक सरदार-कारभारी हेंच करीत होता.

आणि तो तें काशीसच कां करीत होता, हा खरा प्रश्न आहे. वर्गांत मुलें विचारीत, 'गुरुजी, काशी मराठ्यांनीं केव्हां जिंकली?' मी सांगत असें, कधींच नाहीं. इच्छा उत्कट होती. नानासाहेब पेशव्यांनीं १७५९ सालीं दत्ताजी शिंद्यांस जीं कामें लिहून पाठविलीं, त्यांत शुजाउद्दौल्याकडून काशी व प्रयाग मिळविण्याचें एक काम होतें. पुढच्याच जानेवारींत दत्ताजी बुराडी घाटावर पडले. त्याच्या पुढच्या जानेवारींत पानिपत झालें. १७७५ सालीं काशी अयोध्येच्या नबाबाकडून कंपनीकडे गेली. म्हणजे ज्या शहरावर मराठ्यांचा सर्वांत अधिक जीव, तेथें त्यांचा अंमल एक दिवसही स्थिर झाला नाहीं.

आतां त्याच शहराचा कांठ पाहा. १७४० च्या सुमारास पेशव्यांचे गुरु नारायण दीक्षित पाटणकर दुर्गा घाट व ब्रह्म घाट बांधवितात. दशाश्वमेध घाट नानासाहेबांच्या काळीं पक्का होतो आणि अहल्याबाई तो आणखी वाढवितात. विश्वेश्वराचें सध्यांचें देऊळही १७८० पर्यंत अहल्याबाईच उभें करतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस नागपूरकर भोसल्यांचा घाट होतो. १८३० च्या सुमारास मणिकर्णिकेजवळ बायजाबाई शिंदे असा अवजड घाट बांधवितात कीं तो आपल्याच भारानें खचतो. मुनशी घाटाच्या अगदीं लागून उत्तरेस अहल्याबाईंचा घाट आहे. दोहोंमध्यें कांहीं पायऱ्यांचेंच अंतर. हैदर अल्लीशीं किंवा निजामाशीं लढण्यास पैसा नाहीं म्हणून ज्यांचीं दप्तरें रडतात, त्यांचाच पैसा अखंडपणें या कांठावर उतरत होता.

पुण्य हें त्याचें एक कारण, आणि तें खोटें मानण्याचें प्रयोजन नाहीं. परंतु मला वाटतें, दुसरेंही एक होतें. आपलें राज्य डळमळत आहे हें सर्वांत आधीं ज्यांना कळतें ते राज्याचे चिटणीस. अमृतराव काशीस आले, चिमाजी आप्पा आले. ज्यांचें इकडचें छत्र उडालें त्यांना गंगेकांठचें घर हा शेवटचा निवारा होता. १८१२ सालीं नागपुरांत बसून कलकत्त्याचीं पत्रें वाचणाऱ्या माणसाला पुढें काय होणार याचा वास येत नसेल असें मला वाटत नाहीं. १८१६ सालीं रघुजी वारले, १८१७ च्या नोव्हेंबरांत सीताबर्डीची लढाई झाली, आणि १८५४ सालीं नागपूरचें राज्य खालसा झालें. श्रीधरपंतांनीं वाडा इंग्रजांच्या हद्दींत बांधला, तो वाचला. भोसल्यांचा नागपूरचा राजवाडा १८६४ सालीं आगींत गेला. पुण्याचा शनिवारवाडा त्यापूर्वीं १८२८ मध्येंच जळाला होता. धन्यांचे वाडे राख झाले आणि चाकराचा वाडा परदेशीं उभा राहिला.

तो उभा राहिला याचें श्रेय मात्र गवंड्यांस दिलें पाहिजे. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी खालच्या पायऱ्यांवर उतरून भिंतीचा पाया पाहात बराच वेळ हिंडलों. सौभाग्यवती वरून हांका मारीत होत्या. गंगेच्या उन्हाळ्यांतील आणि पुरांतील पातळींत काशीस दहा मीटरांहून अधिक अंतर पडतें. १९७८ च्या सप्टेंबरांत आलेल्या पुराच्या खुणा लोक अजून दाखवितात. वर्षांतून एकदां नदी ज्या घराच्या अंगावर चढून येणार त्याला खालीं खिडक्या असून चालत नाहीं. म्हणून ती आंधळी भिंत, आणि म्हणूनच कोपऱ्यांना बुरुजासारखी गोलाई, प्रवाहानें धडक न देतां घसरून जावें यासाठीं. घाटांवर जागोजाग ज्या अष्टकोनी मढ्या दिसतात, त्यांचेंही एक काम तेंच. वर छत्रीखालीं पुराण सांगणारा बसतो आणि खालीं मढी पाण्याशीं झुंजते. पायाचें काम करावयाचें तें पाणी उतरल्यावर, शिमग्यापासून मृगापर्यंत. तेवढ्या चार महिन्यांत पाया पाण्याच्या वर निघाला पाहिजे, नाहीं तर केलेलें सारें श्रावणांत वाहून जातें. दगड चुनारचा. चुनार काशीच्या वरच्या अंगास आहे, तेव्हां अवजड चिरे नावांतून प्रवाहाबरोबर खालीं आणतां येत. प्रवाह उलट असता तर काशीचे घाट इतक्या सढळ हातानें बांधले गेले नसते असें मला वाटतें. अशोकाच्या स्तंभांना आणि सारनाथच्या सिंहांनाही चुनारचाच दगड लागला. म्हणजे सम्राटाच्या आणि मुनशाच्या कारागिरांनीं एकाच खाणीचा डोंगर फोडला.

पुढची हकीकत थोडक्यांत सांगतों. १९१५ सालीं हा वाडा दरभंग्याच्या महाराजांनीं विकत घेतला व वाढविला. महाराज रामेश्वर सिंह हे पंडित मदनमोहन मालवीयांच्या हिंदु विश्वविद्यालयाच्या खटपटींतील एक प्रमुख पुरुष. त्या विश्वविद्यालयाची कोनशिला ४ फेब्रुवारी १९१६ रोजीं बसली, आणि त्या दिवसांत महाराजांस काशींत घर हवें असणार हें उघड आहे. वाड्यांतून घाटावर उतरण्यासाठीं त्यांनीं माणसांनीं ओढून चालविण्याचा एक पाळणा बसविला, तो कौतुकाचा विषय झाला असें तेथें सांगतात. खरेदीपासून घाटाचेही दोन भाग पडले, एक दरभंगा घाट व दुसरा मुनशी घाट. अलीकडच्या काळांत वाडा पुन्हां विकला गेला, कित्येक वर्षें त्याची डागडुजी चालली आणि त्याचें हॉटेल झालें.

'वाड्याचें हॉटेल झालें' हें वाक्य आपल्याकडे सुस्कारा टाकून म्हणण्याची पद्धत आहे. मीही घरून निघतांना तो सुस्कारा बरोबर घेतला होता. तो तेथें उपयोगी पडला नाहीं. त्याच कांठावर अनेक वाडे असे पाहिले कीं ज्यांचे मालक दहा ठिकाणीं पांगले आहेत, सज्ज्यांतून पिंपळ फुटला आहे, आणि माकडांखेरीज वर कोणी जात नाहीं. दगडालाही रोजच्या वहिवाटीची गरज असते. चुलीचा धूर, झाडू, माणसाचें येणें-जाणें नसेल तर तो कुजतो. राजे येणार नाहींत. सरकार किती वाडे संभाळणार? मग पाहुण्यानें भाडें द्यावें आणि त्या भाड्यांतून कोणीं पाणगळ बुजवावी, यांत लाजण्यासारखें काय आहे? हॉटेलांत मद्य-मांस चालत नाहीं. नोकर मुलें अदबीचीं होतीं. त्यांतील एकानें तर मुनशींचें नांव मला विचारून कागदावर टिपून घेतलें. खोलींतला पलंग एवढा मऊ कीं आम्हां दोघांनाही झोंप येईना, आणि शेवटीं मीं सतरंजी खालीं ओढली. हा दोष पलंगाचा नव्हे.

झोंप न येण्याचें दुसरेंही कारण होतें. दशाश्वमेधावरील आरतीचा घोष थांबला होता, खालीं पाण्यावर एखादाच दिवा हालत होता, आणि माझ्या मनांत एक हिशेब चालला होता. श्रीधरपंत, अमृतराव, अहल्याबाई यांच्या काळीं काशीला येणाऱ्या दक्षिणी माणसाला निजण्याचे पैसे पडत नसत. तीर्थोपाध्याय आपल्या घरीं उतरवून घेई, अन्नछत्रांत पान मिळे, घाट सर्वांना मोकळा. ती व्यवस्था मोठी होती. परंतु तिच्याच आधारानें आपल्या समाजानें दुसरी एक व्यवस्था उभी केली. काशींत मरण आलें तर मुक्ति मिळते, आणि काशींत एक वेळचें अन्न फुकट मिळतें. या दोन गोष्टी जुळल्या कीं घरांतील विधवेला तिकडे नेऊन सोडणें हें पुण्यकर्म ठरतें. आमच्या घरानें तें केलें. आजोबा दुष्ट नव्हते. शेतीला वाईट वर्षें आलीं होतीं, खाणारीं तोंडें नऊ होतीं, आणि बहीण काशीस आहे असें सांगतांना लोकांत मान मिळे. वडील सांगत, आत्याबाईंचें कार्ड आलें म्हणजे आजोबा तें मोठ्यानें वाचीत आणि पैशाचा मजकूर आला कीं आवाज खालीं जाई.

दुसऱ्या दिवशीं ब्रह्म घाटाकडील गल्ल्यांत विचारपूस करीत आमच्या तीर्थोपाध्यायांचें घर गांठलें. आपल्याकडील पुष्कळांस ठाऊक नसेल, या घरांतून पिढ्यान् पिढ्यांच्या वह्या आहेत. गांव आणि आडनांव सांगावें, कीं कापडी बासनांतून वही निघते. उपाध्याय तिशीचे होते आणि मोडीशीं त्यांचा फारसा परिचय नव्हता, म्हणाले, "गुरुजी, आपणच वाचा." पान उघडलें तेव्हां आजोबांचें अक्षर मीं लगेच ओळखलें. त्यांचा 'र' नेहमीं खालच्या ओळींत घुसे. शके १८५६, माघ मास. पूर्वजांचीं नांवें, गांव, आणि शेवटीं: 'भगिनी काशीवासास आणून पोंचविली.' तिचें नांव लिहिलेलें नव्हतें.

पोंचविली. आपण पोतें पोंचवितों, पेटी पोंचवितों. मीं तें वाक्य उपाध्यायांना मोठ्यानें वाचून दाखविलें नाहीं. सौभाग्यवतींनीं मात्र माझ्या खांद्यावरून पाहून विचारलें, "नांव कां नाहीं हो लिहिलें?" मीं म्हटलें, "कार्डांवर आहे. गोदावरी." मग त्या वहीच्या पानावर, आजोबांच्या ओळीखालीं जागा होती तेथें, उपाध्यायांच्या परवानगीनें मीं तें नांव लिहिलें, मोडींतच, आणि त्या गेल्या तें वर्ष वडिलांकडून ऐकलेलें होतें तेंही लिहिलें.

हॉटेलांतून निघण्याची वेळ केव्हांच टळून गेली होती. पेट्या त्यांनीं खालीं आणून ठेवल्या होत्या. परंतु मला एक गोष्ट पडताळून पाहावयाची होती. जन्मभर मुलांना सांगितलें कीं कागदांत लिहिलेलें जागेवर जाऊन तपासावें. आत्याबाई दोन प्रहरीं वाड्याच्या सावलींत बसत असें कार्डांत आहे; पण मीं सकाळीं पाहिलें तेव्हां पायऱ्या उन्हांत तापत होत्या, सावलीचा मागमूस नव्हता. कार्ड लिहिणारानें चूक केली कीं काय? आम्ही पायऱ्यांवर छत्री उघडून बसून राहिलों. वाडा पूर्वाभिमुख आहे. सूर्य माथ्यावरून पश्चिमेला ढळला, तशी भिंतीच्या पायथ्याशीं सावलीची एक पट्टी उमटली आणि एकेक पायरी खालीं उतरूं लागली. तीनच्या सुमारास आठ-दहा पायऱ्या सावलींत आल्या. तेथें तीन म्हाताऱ्या येऊन बसल्या. एकीनें जपमाळ काढली, दुसरी फडकें पांघरून पाय चोळूं लागली. वर हॉटेलच्या सज्ज्यांत पाहुणे चहा घेत होते. खालीं कोणी त्या बायकांना उठविलें नाहीं.

परत फिरण्यापूर्वीं उपाध्यायांचा मुलगा धांवत घाटावर आला. आमच्या यात्रेची नोंद वहींत करावयाची राहिली होती. वडिलांनीं त्याला कागद देऊन पाठविलें होतें. नांवें, गांव, मुलांची नांवें त्यानें देवनागरींत नीट उतरवून घेतलीं. मग विचारलें, "मुक्काम कहाँ था, गुरुजी?"

हॉटेलचें नांव माझ्या ओंठांवर आलें होतें. मीं म्हटलें, "मुनशी घाट. श्रीधरपंत मुनशी यांचा वाडा." 'श्रीधरपंत' कसें लिहावें हें त्यानें दोनदां विचारलें आणि लिहून घेतलें.